फडके, खांडेकर आणि आमच्या घरचे कपाट

आमच्या घरी पुस्तकांचे एकच कपाट होते. वडील प्राथमिक शिक्षक. वरच्या खणात खाकी कव्हर घातलेले वि. स. खांडेकर ओळीने उभे असत. ना. सी. फडक्यांना त्या कपाटात जागा नव्हती. आई वाचनालयातून त्यांच्या कादंबऱ्या आणी, दुपारी वाचून संपवी आणि वडील शाळेतून यायच्या आत त्या धान्याच्या डब्यामागे जात. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मी प्रथम पाहिला तो असा, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या उंबरठ्यावर.

पुढे सरकारी कचेरीत कारकुनी करता करता मी या वादाची जुनी कागदपत्रे वाचू लागलो. माझ्याजवळ साहित्याची पदवी नाही. जे कळले ते ग्रंथालयांत आणि रद्दीच्या दुकानांत बसून. काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी लेख लिहिला आणि त्यात ठोकून दिले, की फडक्यांनी समाजाकडे पाठ फिरवली. ते विधान चुकीचे होते. ते का चुकले हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी वाद नीट समजून घेऊ. कलेला उपयुक्ततेचे जोखड नको, ही घोषणा मूळची फ्रान्सची. तेओफिल गोतिये याने 1835 साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ती जोरात मांडली. तिथे तिचा रोख नफ्यातोट्याच्या हिशेबाने सगळे मोजणाऱ्या नव्या धनिक वर्गावर होता. मराठीत हा विषय तापला तो 1930 नंतर. तेव्हाचे वातावरण निराळे होते. सत्याग्रह चालू होते, समाजवादाची पुस्तके तरुणांच्या हाती येत होती. 1936 साली लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांची परिषद भरली. अशा काळात ‘मी फक्त सुंदर गोष्ट सांगतो’ असे म्हणणारा लेखक अनेकांना पळपुटा वाटला, तर नवल नाही.

फडक्यांचे म्हणणे मात्र तेवढे भाबडे नव्हते. 1931 साली आलेल्या त्यांच्या ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात कथा-कादंबरीच्या रचनेची चर्चा आहे. प्रारंभ कसा वेधक करावा, गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कंठा कुठवर ताणावी, शेवट कसा साधावा, हे ते एखाद्या कुशल सुताराने सांधे समजावून द्यावेत तसे सांगतात. वाचकाला काही काळ स्वतःचा विसर पडावा, हेच त्यांच्या मते लेखकाचे काम. उपदेश करायचा तर व्याख्यान द्यावे, निबंध लिहावा. त्यासाठी गोष्टीला वेठीस धरू नये.

खांडेकरांची घडण वेगळी. 1920 साली ते कोकणातल्या शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि अठरा वर्षे तिथे राहिले. खेड्यातले दारिद्र्य, शिकू पाहणारी अर्धपोटी मुले, हे त्यांचे रोजचे जग. त्याच शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. अशा माणसाला कला जीवनातून उगवते आणि तिने जीवनाकडेच परतले पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक होते. ‘दोन ध्रुव’, ‘उल्का’ या 1934 सालच्या कादंबऱ्यांत ध्येयवाद आणि व्यवहार यांची ओढाताण आहे ती त्यामुळेच.

1938 नंतर हे दोघे एकाच गावात राहिले, कोल्हापुरात. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि खांडेकर चित्रपटकथा लिहिण्यासाठी तिथे आले होते. साहित्य संमेलनानेही जणू दोन्ही पक्षांना समान न्याय दिला. 1940 साली रत्नागिरीला फडके अध्यक्ष झाले, 1941 साली सोलापूरला खांडेकर.

माझ्या जुन्या लेखाला तडा गेला तो एका इंग्रजी पुस्तकामुळे. नाव ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’, साल 1927, लेखक ना. सी. फडके. प्रस्तावना संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ त्याच वर्षी सुरू झाले, एवढे सांगितले म्हणजे या विषयावर उघड लिहिणे तेव्हा किती धाडसाचे होते ते कळेल. पुस्तकातला सुप्रजननाचा, म्हणजे कोणी संतती वाढवावी आणि कोणी वाढवू नये हे ठरवू पाहणारा विचार आज मुळीच पटत नाही, आणि पटू नये. पण समाजाकडे पाठ फिरवलेला माणूस असे पुस्तक लिहीत नाही.

मग उलट बाजूने पाहिले. जीवनवादी खांडेकरांचे गद्य उपमा-रूपकांनी इतके नटलेले आहे, की कित्येक वाचकांना कथानक विसरले तरी सुभाषितासारखी वाक्ये आठवतात. त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी ‘ययाति’ (1959) महाभारतातल्या राजाची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1974 साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले तेही खांडेकरांमुळेच. त्या कादंबरीत शिरोड्याचा शेतकरी नाही, मोर्चा नाही. आहे ती न शमणारी वासना, जी आजच्या माणसाचीही आहे.

म्हणून आता मी हा वाद वेगळ्या तऱ्हेने मांडतो. समाजाची काळजी कोणाला होती, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती दोघांनाही होती. विचारायचे ते हे, की लेखक आपले समाजाचे देणे कुठे फेडतो? फडके ते कादंबरीच्या बाहेर, वेगळ्या पुस्तकात फेडत. कादंबरीत वाचकाला दिलेला शब्द फक्त रंजनाचा. खांडेकरांना हे दोन हिशेब वेगळे ठेवणे अप्रामाणिक वाटे. दोन्ही भूमिकांना किंमत मोजावी लागली. फडक्यांच्या पुष्कळ कादंबऱ्या सुबक साच्यातून काढल्यासारख्या झाल्या आणि खांडेकरांची पात्रे अनेकदा माणसांपेक्षा आदर्श म्हणूनच बोलू लागली. गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीने पुढे तंत्राची चौकटही मोडली आणि ध्येयवादाचा सूरही सोडला. त्यानंतर बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाने त्याहून मुळातला प्रश्न उभा केला. ‘जीवनासाठी कला’ ठीक, पण जीवन कोणाचे? या प्रश्नापुढे फडके आणि खांडेकर दोघेही मध्यमवर्गाच्या एकाच दिवाणखान्यात बसलेले दिसतात.

इथवर आलो तेव्हा मला पुन्हा घर आठवले. माझ्या आईची सहा बाळंतपणे झाली. आम्ही चौघे जगलो. वडील निर्मळ मनाचे होते, गरीब विद्यार्थ्यांच्या फिया स्वतःच्या पगारातून भरत. पण आईच्या शरीराचा प्रश्न त्यांच्या ध्येयवादात बसत नव्हता. ज्याला ते उथळ म्हणत त्या लेखकाने तो प्रश्न त्यांच्या तरुणपणाच्याही आधी छापून मांडला होता. आईला ते पुस्तक ठाऊक नव्हते, इंग्रजी तिला येत नव्हते. तिच्यापर्यंत फडके पोचले ते फक्त दुपारच्या दोन तासांपुरते.

ती थकल्यावर एकदा मी विचारले, “आई, त्या कादंबऱ्यांत तुला काय मिळायचं गं?”

“तेवढा वेळ कोणी हाक मारत नव्हतं,” ती म्हणाली.

एखाद्या बाईला दिवसातले दोन तास तिचे स्वतःचे मिळवून देणे, हे कलेसाठी झाले की जीवनासाठी, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. मात्र कपाटाच्या वरच्या खणात आता फडकेही ठेवले आहेत, खांडेकरांच्या शेजारी.