पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं तर: पहिल्या तासापासून भरपाईपर्यंत

भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या लहान वर्कशॉपांत पत्र्याचे जॉब पॉवर प्रेसवर कापले आणि वाकवले जातात. जॉब लावायला हात डायमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात, गेलेला असतो, तेवढ्यात पॅडलवर पाय पडतो किंवा मशीन आपोआप दुसरा ठोका मारतं. आपल्या घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर काय करायचं ते क्रमाने पाहू.

पहिला तास. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेलं बोट ओलसर, स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवण्याची चूक सर्रास होते. त्याने पेशी गोठून मरतात आणि बोट जोडण्याची शक्यता घटते.

दवाखान्यातला केस पेपर. "घरी लागलं म्हणून सांग, खर्च आम्ही बघतो," असं मालक किंवा कंत्राटदार म्हणतो. दुखण्याच्या भरात माणूस हो म्हणतो आणि पुढचा दावा तिथेच लंगडा पडतो. कामावर, कोणत्या मशीनवर, किती वाजता लागलं, हे डॉक्टरांना खरं सांगावं आणि तसंच लिहिलं आहे ना, ते वाचून घ्यावं.

कामाचा पुरावा. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावावी. कंत्राटी कामगाराकडे बहुधा नेमणूकपत्र नसतं. अशा वेळी गेट पास, हजेरीचा फोटो, बँकेत जमा झालेला पगार, सोबत्यांचे जबाब उपयोगी पडतात.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली, हे पाहिलं जात नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. मालकाने नावच नोंदवलं नसेल, तरी हक्क बुडत नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात तक्रार करावी.

बरं होईपर्यंतचा पगार. याला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणतात. तो सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के असतो. ईएसआय डॉक्टरांचे दाखले सलग हवेत. मध्ये खंड पडला की पैसे अडकतात. हा लाभ घेत असताना दुसरीकडे कामाला जाऊ नये.

कायमचं नुकसान. जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती घटली ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठ्याला 30 टक्के, पूर्ण तर्जनीला 14 टक्के धरले आहेत. सरासरी रोज 600 रुपये असेल, तर त्याचे 90 टक्के 540. तर्जनी गेल्यास त्याचे 14 टक्के, म्हणजे दिवसाला 75 रुपये 60 पैसे आयुष्यभर मिळतात. टक्के कमी वाटले, तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते. पूर्ण अपंगत्वासाठी पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, असा हिशेब आहे. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक 207.98. पगार 15,000 असल्यास पूर्ण रक्कम 18,71,820 रुपये होते; तर्जनीचे त्यातले 14 टक्के म्हणजे सुमारे 2 लाख 62 हजार. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा. तो कुठे द्यायचा, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समजेल.

सही करण्याआधी. "वीस हजार घे आणि मिटव," म्हणून कागद पुढे येतो. वरचा हिशेब पाहिल्यावर त्यात कामगाराचं किती नुकसान आहे ते कळेल. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्द ठरतो, पण तो रद्द ठरवून घेण्यात वर्षं जातात. म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी. भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही, कामगाराचा हक्क आहे. तो आपण ठामपणे मागावा.