पट्ट्याचं शेवटचं भोक

पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर मी नव्या शिपायांना कवायत शिकवायचो. भरतीत १,६०० मीटर धावून आलेली ही पोरं. अंगावर चरबी शोधून सापडायची नाही. तीच पोरं दहा-बारा वर्षांनी बंदोबस्तात दिसली की पट्टा शेवटच्या भोकावर आलेला असतो. लोक हसतात. मला राग येतो, कारण ते पोट ड्यूटीनं वाढवलेलं असतं.

विसर्जनाचा बंदोबस्त घ्या. सकाळी उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी पोहोचतो. मधे वडापाव आणि गोड चहा, तोही किती वेळा याला हिशेब नाही. जवळ स्वच्छतागृह नसतं म्हणून महिला अंमलदार पाणीच पीत नाहीत. झोप मोडली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साखर चढते. भूक वाढते, तीही गोडाची, तेलकटाची. ताणानं रक्तदाब वरच राहतो. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून कुणी तपासत नाही.

वजनकाट्यापेक्षा माझा भरवसा टेपवर. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० च्या पुढे गेला, की साखर आणि रक्तदाब बघायलाच हवा.

मग पळवा त्यांना, असं साहेब लोक म्हणतात. जरा थांबा. अमेरिकेतल्या पोलिसांच्या हृदयविकारानं झालेल्या ४४१ अचानक मृत्यूंचा अभ्यास २०१४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रोजच्या साध्या कामाच्या तुलनेत झटापटीत धोका ३४ ते ६९ पट, पाठलागात ३२ ते ५१ पट निघाला. आणि शारीरिक सरावात? २० ते २३ पट! पन्नाशीच्या हवालदाराला एकदम मैदानावर उतरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आधी रक्तदाब, साखर, ईसीजी. मग रोज चालणं, आणि दम टिकायला लागला की धावणं.

पण खरा इलाज ड्यूटीच्या तासांत आहे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. कल्पना एका शिपायाची. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. तालुक्याच्या ठाण्यात माणसं अपुरी, तिथे हे जमत नाही म्हणतात. मग निदान रात्रपाळी करून आलेल्याला सकाळच्या परेडला तरी उभं करू नका.