रिपोर्ट 'पॉझिटिव्ह', माती 'हाय', ऑडिट 'क्वालिफाइड': आनंद मानायचा की काळजी करायची?

सराफाची पावती, लॅबचा रिपोर्ट, मृदा आरोग्य पत्रिका, 'नीट'चं स्कोअरकार्ड आणि पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही घरात यातले दोन-तीन कागद तरी सापडतीलच. या सगळ्या कागदांचं काम एकच, कशाची तरी पारख करून निकाल सांगणं. अडचण अशी की निकालाचे इंग्रजी शब्द सगळीकडे तेच असले, तरी कागद बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. चुकीचा अर्थ घेतला, तर पैसा, पीक किंवा प्रकृती यांपैकी कशाला तरी फटका बसतो.

'टेस्ट' आणि 'कसोटी': दोन्ही शब्द सोन्याचे

शब्दांची मुळं खणण्याची खान्देशला जुनी सवय आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धुळ्यात राहून मराठी धातूंवर काम केलं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचं निधनही धुळ्यातच झालं.

'टेस्ट' या शब्दाचं मूळ शोधलं, तर ते थेट सोनाराच्या भट्टीपाशी पोहोचतं. लॅटिनमध्ये 'टेस्टम' म्हणजे मातीचं भांडं. सोन्या-चांदीतली भेसळ वेगळी करण्यासाठी वापरायच्या छोट्या मुशीला पुढे 'टेस्ट' म्हणू लागले आणि मग कुठलीही परीक्षा 'टेस्ट' झाली. आपली 'कसोटी'ही तशीच. सोनं घासून पाहायचा काळा दगड म्हणजे कसोटी. पुढे पाच दिवसांचा क्रिकेट सामनाही कसोटी झाला.

सुवर्णनगरी जळगावच्या सराफ बाजारात आज कॅरेट मीटर दिसतं. ते क्ष-किरणांच्या साहाय्याने काही मिनिटांत शुद्धता दाखवतं. पण हे यंत्र मुख्यतः वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसू शकतं. 'फायर असे' ही पद्धत अधिक खात्रीची. त्यात दागिन्याचा छोटा तुकडा शिसं आणि चांदीबरोबर मुशीत तापवतात, मग नायट्रिक ॲसिडने चांदी काढून टाकतात आणि उरलेलं शुद्ध सोनं तोलतात.

१ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांवर अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी असणं बंधनकारक आहे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि शुद्धता दिसते. '९१६' म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, अर्थात २२ कॅरेट. मात्र घडणावळ वाजवी आहे का, खडे खरे आहेत का, याचं उत्तर हॉलमार्क देत नाही.

दवाखान्यात 'पॉझिटिव्ह' म्हणजे काय?

बोलताना 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं, आशादायी. लॅबच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की, जे शोधत होतो ते सापडलं. कोरोनाच्या काळात हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं. पण आणखी एक फरक अजून गोंधळात टाकतो. तो 'स्क्रीनिंग' आणि 'डायग्नोसिस' यांतला, म्हणजे प्राथमिक चाळणी आणि पक्कं निदान यांतला.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यासाठी हा जवळचा विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. यातली सोपी सोल्युबिलिटी टेस्ट 'पॉझिटिव्ह' आली, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. ती व्यक्ती फक्त वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते.

रिपोर्टवर 'एएस' असेल तर व्यक्ती वाहक, 'एसएस' असेल तर आजार. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पहिल्या 'पॉझिटिव्ह'ने घाबरून लग्न मोडणं जितकं चूक, तितकंच पुढची तपासणी टाळणंही चूक.

मातीचा 'हाय' प्रत्येक ओळीत वेगळा

सोन्याचा कस तसा जमिनीचाही कस असतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात आणि बऱ्याच घटकांपुढे कमी, मध्यम, जास्त असा शेरा असतो. लॅबच्या बोलीत हेच लो, मीडियम, हाय. इथे सगळे 'हाय' सारखे नाहीत.

सेंद्रिय कर्ब 'हाय' असेल तर उत्तम, जमीन कसदार आहे. पालाश 'हाय' असेल तर त्या खताची मात्रा सल्ल्यानुसार कमी करून पैसे वाचवता येतात. काळ्या जमिनीत हे अनेकदा आढळतं. पण विद्युत वाहकता 'हाय' असेल तर जमिनीत क्षार वाढलेत, आणि केळीसारख्या क्षार न सोसणाऱ्या पिकाला ती धोक्याची सूचना आहे.

'क्वालिफाय' झालो, म्हणजे प्रवेश मिळाला?

नाही. 'नीट'मध्ये क्वालिफाय होणं म्हणजे समुपदेशनाच्या रांगेत उभं राहण्याची परवानगी. जागा गुणवत्ता क्रमांकावर ठरते.

दुसरी गल्लत टक्के आणि पर्सेंटाइलची. टक्के तुमच्या गुणांबद्दल सांगतात, पर्सेंटाइल रांगेतल्या तुमच्या जागेबद्दल. २०२५ च्या 'नीट'मध्ये खुल्या गटाची पात्रता ५० पर्सेंटाइल होती. तिथपर्यंत पोहोचायला लागले ७२० पैकी १४४ गुण, म्हणजे फक्त २० टक्के. एमएचटी-सीईटीत ९० पर्सेंटाइल मिळाले, तर त्याचा अर्थ १०० पैकी ९० गुण असा होत नाही. त्या सत्रातल्या ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, असा होतो. 'क्वालिफाइड' एवढाच शब्द वाचून खासगी एजंटला आगाऊ रक्कम देण्याआधी हा फरक समजून घ्या.

ऑडिटमध्ये मात्र 'क्वालिफाइड' उलटं

बुडीत पतसंस्थांत ठेवी अडकल्याची झळ जळगाव जिल्ह्याने सोसली आहे, म्हणून हा मुद्दा नीट वाचा. माणूस क्वालिफाइड असेल तर तो पात्र. पण ऑडिटरचा अभिप्राय 'क्वालिफाइड' असेल, तर हिशेब मान्य करताना त्याने काही आक्षेप नोंदवले आहेत. इथे स्वच्छ अभिप्रायाला 'अनक्वालिफाइड' म्हणतात.

'ॲडव्हर्स' म्हणजे हिशेब खरी स्थिती दाखवत नाहीत. 'डिस्क्लेमर' म्हणजे मत देण्याइतके पुरावेच ऑडिटरला मिळाले नाहीत. अहवालात यांपैकी काही दिसलं, तर सर्वसाधारण सभेत त्याचं कारण विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

कुठलाही रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचारा

१. नेमकं काय तपासलं? शुद्धता, आजार, क्षार की हिशेब?

२. ही पहिली चाळणी आहे की पक्का निकाल? पुढची तपासणी बाकी आहे का?

३. आकडा कशाच्या तुलनेत आहे? हजारात, शंभरात की इतरांच्या रांगेत?

लॅबवाल्याला, कृषी सहायकाला किंवा पतसंस्थेच्या सचिवाला हे विचारताना संकोच करू नका. कागद इंग्रजीत असला, तरी उत्तर मराठीत मागता येतं.