लाल दिवा लागला की थांबायचं!

कुकरची शिट्टी वाजली की आपण हातातलं काम टाकून गॅस बारीक करतो. दूध उतू जायच्या बेताला आलं की पाठमोऱ्या असलो तरी आपल्याला कळतं. फोडणी करपायच्या आधी तिचा वास बदलतो, तो आपलं नाक बरोबर ओळखतं. या खाणाखुणा कुणी आपल्याला वर्गात बसवून शिकवलेल्या नाहीत. रोजच्या वापरानं त्या अंगवळणी पडल्या. पण दारात उभ्या असलेल्या चारचाकीची गोष्ट निघाली, की 'ते त्यांचं खातं' असं म्हणून आपण मोकळ्या होतो. खरं तर त्या गाडीतून मुलंबाळं, सासूसासरे, सगळं घरच प्रवास करत असतं. आणि गाडीही आपल्या परीनं सारखं काहीतरी सांगत असते.

आता तालुक्याच्या गावातही मुली आणि सुना गाडी चालवतात. क्लच नसलेल्या गाड्या आल्यापासून तर चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणी शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअर टाकायला, गाडी मागे घ्यायला, वळवायला शिकवतात. लायसन्सही मिळतं. पण स्टिअरिंगच्या मागे जी चित्रं लुकलुकतात, त्यांचा अर्थ क्वचितच कुणी समजावून सांगतं. म्हणून आमच्या महिला मंडळात आम्ही एका रविवारी गावातल्याच एका गॅरेजवाल्या दादांना बोलावलं. सुरुवातीला बिचारे संकोचले. 'बायकांना काय सांगायचं?' म्हणाले. पण प्रश्न असे सुरू झाले की तासाभराचा कार्यक्रम दुपारपर्यंत लांबला. त्या दिवशी जे कळलं आणि नंतर वाचून, विचारून जे पक्कं केलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

रंगांची भाषा

डॅशबोर्डवरच्या चित्रांना घाबरायचं कारण नाही. ही चित्रं जगभर साधारण सारखीच असावीत म्हणून आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे, आयएसओ २५७५. त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असो, चित्र ओळखीचंच निघतं. रंग तर सिग्नलसारखेच. हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती, अमुक गोष्ट चालू आहे एवढंच. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे काहीतरी बिघडतंय, लवकर दाखवून घ्या. आणि लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा, पुढं जाऊ नका.

एक साधी परीक्षा रोज करता येते. किल्ली फिरवली पण इंजिन चालू केलं नाही, की बहुतेक दिवे एकदम लागतात. गाडी स्वतःची तपासणी करत असते. इंजिन चालू झालं की काही क्षणांत ते विझतात. एखादा विझला नाही तर बिघाड आहे. आणि एखादा लागायला हवा असताना लागलाच नाही, तर तेही वाईटच, कारण गरजेच्या वेळी तो आपल्याला सावध करणार नाही.

चार लाल दिवे

पहिला तेलाच्या झारीचा, तोंडाशी एक थेंब असलेला. याचा अर्थ इंजिनमधल्या ऑइलचा दाब कमी झालाय. ऑइल पोचलं नाही की आतले धातूचे भाग कोरडेच एकमेकांवर घासतात आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. मग दुरुस्तीचा खर्च ऐकूनच डोळे पांढरे होतात. हा दिवा लागला की गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. 'घर दोनच किलोमीटरवर आहे' हा हिशेब इथं चालत नाही.

दुसरा थर्मामीटरचा, म्हणजे इंजिन तापल्याचा. काही गाड्यांत सकाळी हेच चित्र निळं दिसतं, तेव्हा इंजिन अजून थंड आहे एवढाच त्याचा अर्थ. लाल झालं की मात्र थांबायचं. आमच्या ओळखीच्या एक वहिनी मे महिन्यात कुटुंबासोबत वाईहून पाचगणीला निघाल्या होत्या. पसरणी घाट चढताना शेजारच्या सीटवरून त्यांना लाल दिवा दिसला. 'गाडी चालवणाऱ्याला काय सांगायचं, त्यांना दिसतच असेल' म्हणून त्या गप्प बसल्या. भाऊजींचं सगळं लक्ष वळणांकडे. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा गाडी थांबली. मग घाईघाईत भाऊजींनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी हातावर उडालं. कोपरापर्यंत हात भाजला. सुट्टीतले चार दिवस दवाखान्यात गेले.

आतलं पाणी दाबाखाली असतं, अगदी कुकरसारखं. वाफ जिरल्याशिवाय आपण कुकर उघडतो का? तसंच इथं. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायचं, पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. नंतर कूलंटच्या बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का ते बघायचं. अडचणीच्या वेळी स्वच्छ पाणी घातलं तरी चालतं, पण पुढं गॅरेजमध्ये योग्य कूलंट भरून घ्यायचं आणि गळती कुठं आहे ते शोधायला सांगायचं.

तिसरा दिवा ब्रेकचा, वर्तुळात उद्गारचिन्ह. पुष्कळदा हँडब्रेक ओढलेला राहिलेला असतो. तो सोडला की दिवा विझतो. सोडूनही लागलेलाच असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, म्हणजे कुठंतरी गळती किंवा ब्रेक पॅड झिजलेले. अशी गाडी हाकत न्यायची नाही, मेकॅनिकला जागेवर बोलवायचं.

चौथा बॅटरीचा. गाडी चालू असताना हा लागला तर बॅटरी चार्ज होत नाहीये असं समजायचं. गाडी थोडा वेळ साठलेल्या विजेवर चालेल. एसी, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठायचं. पण काही गाड्यांत एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला असेल तर पाठोपाठ इंजिन तापतं. तसं दिसलं की तिथंच थांबायचं.

पिवळ्याकडं डोळेझाक नको

पिवळे दिवे आपल्याला फसवतात, कारण गाडी चालत राहते. आज बघू, उद्या बघू असं करत महिने जातात.

इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर एकदोन दिवसांत दाखवून घ्यावं. तोच लुकलुकत असेल तर वेग कमी करून थांबणं बरं, कारण इंजिनमध्ये इंधन नीट जळत नाहीये आणि धुरासाठी बसवलेला महागाचा भाग त्यानं खराब होतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, त्यानंही हा दिवा लागतो. डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाडी नुसती शाळा, बाजार, देऊळ एवढीच फिरली तर ती गाळणी तुंबते आणि तिचा दिवा लागतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ एकसारख्या वेगानं चालवली की बहुधा ती साफ होते.

एबीएसचा दिवा लागून राहिला तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देण्याची सोय बंद पडलेली असते. एबीएस काम करतं तेव्हा पायाखालचं पेडल थरथरतं. ही थरथर जाणवली की नवशिक्या घाबरून पाय काढतात. तसं करू नका. पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टिअरिंग हवं तिकडं वळवायचं.

टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा काही गाड्यांत असतो. हवा किती हवी, ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. वाचून ठेवा, म्हणजे पंपावरच्या मुलाला सांगता येईल. विजेवरच्या गाडीत तर चक्क कासवाचं चित्र येतं! गाडीची ताकद कमी झालीय, असं ते सांगतं. बहुधा चार्ज संपत आलेलं असतं.

गप्प केलेली घंटी

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग, पुढच्या दोघांच्या सीट बेल्टची आठवण करणारी घंटी, वेगाची सूचना आणि मागं घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की अधूनमधून आवाज येतो, १२० च्या वर गेलं की सतत. हे सगळं आपल्या जिवासाठी केलेलं. आणि आपण काय करतो? घंटीची कटकट नको म्हणून बेल्टच्या खाचेत नुसतीच खोटी क्लिप अडकवून ठेवतो! मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना अशा क्लिपा विकणं बंद करायला लावलं. तेव्हा तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. म्हणजे घंटीचं तोंड बांधणारे किती असतील, विचार करा.

मागं बसलेल्यांना बेल्ट लागत नाही, हाही गैरसमजच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी भारीतली होती, सगळ्या सोयींची. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीची किंमत बेल्टची जागा घेऊ शकत नाही.

गरोदर मैत्रिणींनी तर बेल्ट अजिबात टाळू नये. खालचा पट्टा पोटावर न घेता पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून घ्यावा. वरचा पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं जाऊ द्यावा. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पुढं बसू नये. एअरबॅग उघडते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि प्रचंड जोरानं.

इथंच आणखी एक नाजूक गोष्ट. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर 'एअरबॅग' अशी अक्षरं असतात. हौसेनं आपण नेमकी त्याच झाकणावर गणपतीची मूर्ती चिकटवतो. एअरबॅग उघडली की ती मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर गोळीसारखी येऊ शकते. बाप्पाला जागा जरूर द्यावी, पण त्या झाकणापासून दूर, आणि अगदी छोटी.

घाटातली काटकसर

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय कित्येकांना असते. शेजारी बसलेल्या बाईनं इथं स्पष्ट बोललंच पाहिजे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोनचार वेळा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंगही जड होतं. किल्ली काढली तर लॉकच होऊन बसतं. उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत.

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना बर्था बेन्झची गोष्ट सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटारगाडी घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. वाट शंभरेक किलोमीटरची. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, तर मोच्याकडून त्यांना कातडं लावून घेतलं. आणि डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडमधली शर्यतीच्या गाड्या चालवणारी बाई. तिनं १९०९ मध्ये बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं आणि मागचं दिसावं म्हणून जवळ हात-आरसा ठेवायला सांगितलं. वेगाची राणी असूनही मागं बघायला ती विसरली नव्हती!

एवढं कराच

महिन्यातून एक सकाळ, फार तर पंधरा मिनिटं. गाडी सपाट जागी, इंजिन गार. दांडी पुसून ऑइलची पातळी बघा. कूलंट, ब्रेक ऑइल आणि काच धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या बघा. सगळे दिवे, इंडिकेटर लावून घरच्यांना बाहेरून बघायला सांगा. पायाखाली सैल मॅट नको आणि पाण्याची बाटली तर नकोच, ती घरंगळून ब्रेकखाली अडकते. ओढणी, पदर आवरून घ्या. उंच टाचेच्या चपला काढून ठेवा.

रस्त्यात थांबावं लागलंच तर चारी इंडिकेटर लावा, माणसं रस्त्यापासून दूर उभी करा आणि लाल त्रिकोण बराच मागं ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. त्रिकोणाऐवजी दगड मांडलेत तर निघताना आठवणीनं उचला, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यात असतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८ आणि कुठल्याही संकटात ११२ हे नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

गाडीचं पुस्तक समोरच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं. इंग्रजी असलं तरी चित्रं सगळ्यांना कळतात. दिव्यांच्या पानाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवा. पोरीला शेजारी बसवा, किल्ली फिरवा आणि दोघी मिळून एकेक दिवा ओळखा. स्टिअरिंग कुणाच्याही हातात असू दे, लाल दिवा दिसला तर 'अहो, गाडी थांबवा' एवढं म्हणायला लायसन्स लागत नाही.