दाबाचे जाकीट : कोणाला, किती आणि केव्हा

वजनाचे जाकीट बिनबाह्यांचे असते आणि त्याच्या खिशांत छोटी वजने पुढेमागे सारखी वाटून ठेवलेली असतात. दाबाच्या जाकिटात वजन नसते. ते ताणल्या जाणाऱ्या जाड कापडाने किंवा आत भरलेल्या हवेने धड सर्व बाजूंनी आवळून धरते. स्वमग्नता, अतिचंचलता किंवा संवेदनांशी जुळवून घेण्यातल्या अडचणी असलेल्या मुलांना शांत बसता यावे, यासाठी दोन्ही प्रकारची जाकिटे वापरली जातात.

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे माणसाला कळते. स्नायू, कंडरा आणि सांधे यांच्याकडून मेंदूला सतत मिळणाऱ्या संदेशांमुळे हे शक्य होते. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने शरीराकडून येणाऱ्या अशा संवेदनांची मेंदूत होणारी जुळणी आणि मुलाचे शिकणे-वागणे यांचा संबंध मांडला. त्यावरचे तिचे मुख्य पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांत ही जुळणी नीट होत नाही. कुकरची शिट्टी झाली की एखादे मूल कान झाकून कोपऱ्यात जाते, तर दुसरे दिवसभर उड्या मारते आणि भिंतीवर अंग आदळते. पहिल्याला संवेदना सोसत नाही, दुसऱ्याला ती पुरत नाही. स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निकषांत २०१३ पासून या लक्षणांचा समावेश आहे.

हलका, निसटता स्पर्श अंगावर शहारा आणतो, तर घट्ट आणि स्थिर दाब निवांत करतो. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळण्यामागे हाच अनुभव आहे. स्वमग्न असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी अॅरिझोनात मावशीच्या गोठ्यावर पाहिले की, लस टोचताना पिंजऱ्याच्या फळ्यांत धरलेली काही गुरे शांत होतात. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी दाबयंत्र बनवले. दाब किती आणि किती वेळ घ्यायचा, हे त्या स्वतः ठरवत. जाकीट वापरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वजनाचे जाकीट साधारणपणे मुलाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भाराचे असते. २० किलोच्या मुलासाठी ते १ ते २ किलो होते. बैठे काम, जेवण किंवा गर्दीत जाणे अशा ठरावीक वेळी ते सुमारे वीस मिनिटे घालून मग काढायचे, अशी पद्धत रूढ आहे. अंगाला दाबाची सवय झाली की त्याची जाणीव ओसरते. म्हणून ते दिवसभर घालून ठेवण्यात अर्थ नसतो.

संशोधनाचा कौल मात्र उत्साहवर्धक नाही. स्टीफन्सन आणि कार्टर या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००९ मध्ये वजनाच्या जाकिटांवरील अभ्यास तपासले. ते मोजके होते, त्यांतली मुलेही थोडी होती आणि बहुतेकांत ठोस फायदा दिसला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितले की, संवेदन-उपचार व्यापक उपचारांचा भाग म्हणून वापरता येतील, पण त्यांचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना कळले पाहिजे. जाकिटाने स्वमग्नता बरी होत नाही. फार तर काही मुलांना काही वेळ बरे वाटते.

आपल्या मुलाला उपयोग होतो का, हे नोंदीवरून ठरवता येते. एकच वागणूक निवडावी. उदाहरणार्थ, दहा मिनिटांत मूल किती वेळा जागेवरून उठते, हे काही दिवस जाकिटाशिवाय आणि काही दिवस जाकिटासह मोजावे. फरक दिसला नाही तर जाकीट बाजूला ठेवावे.

सुरक्षेबाबत तडजोड नको. सुरुवात ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्यानेच व्हावी. श्वसनाचा, हृदयाचा किंवा पाठीच्या कण्याचा त्रास अथवा फिट्स असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. झोपेत जाकीट घालू नये. घरी शिवल्यास वजने फुटणार नाहीत आणि तोंडात जाणार नाहीत अशी पक्की बंद करावीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात जाड कापडाने घामोळे येते आणि अंग तापते, त्यामुळे तेव्हा जपावे. मुलाला जागेवर डांबण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून ते कधीही वापरू नये.

महागडे जाकीट परवडले नाही म्हणून पालकांनी खंत करू नये. कणीक मळणे, पाण्याची छोटी बादली उचलणे, गादी ढकलणे, झाडावर चढणे या कामांतूनही स्नायू-सांध्यांना तशीच संवेदना मिळते. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. आज अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सेवा मिळते. पालकांनी तिथे अवश्य जावे.

ज्या मुलांना बोलता येत नाही, तीही जाकीट ओढून, रडून किंवा उलट ते स्वतःहून आणून देऊन आपले मत सांगतात. त्या खुणेला मान द्यावा आणि मुलाने नको म्हटले की जाकीट त्याच क्षणी उतरवावे.