आषाढात घातलेला टाका

दिवाळीची भेट म्हणून काय द्यावे, हा प्रश्न बहुतेक घरांत धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी पडतो आणि त्याचे उत्तर मग बाजार देतो. सुक्या मेव्याचा डबा, नाहीतर काचेच्या सहा वाट्या. एका घरातून निघालेला असा डबा चार घरे हिंडून भाऊबीजेपर्यंत पुन्हा पहिल्याच घरी परतल्याचेही ऐकिवात आहे! महाबळेश्वरला राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका मामींना मात्र हा प्रश्न आषाढातच पडतो. कारण मामी भेटवस्तू विकत आणीत नाहीत, भरतात. आणि भरायची म्हटली म्हणजे दिवाळीची तयारी पावसाच्या पहिल्या झडीबरोबरच सुरू करावी लागते.

हा नुसता हौसेचा उतावळेपणा नव्हे, हिशेब आहे. चौदा इंची चौरस उशीचा अभ्रा घ्या. जाळीच्या कापडावर लोकरीने भरायचा, इंचाला दहा घरे. म्हणजे एका चौरस इंचात शंभर टाके आणि सबंध अभ्र्यावर एकोणीस हजार सहाशे. बसलेला हात मिनिटाला दहा टाके घालतो असे धरले, तर जवळजवळ तेहतीस तास झाले. यात सुई ओवणे, चुकलेले उसवणे, दारावरची बेल आणि उतू जाणारे दूध धरलेले नाही. रोज अर्धा तास मिळाला तर दोन महिने उलटून जातात. उन्हाळ्यात पाहुणे, दिवाळीत फराळ. मध्ये उरतो तो पावसाळा.

आणि पावसाळा पाहावा तो महाबळेश्वरचाच. मे महिन्यात तिथे जाऊन घोड्यावर बसून आलेल्यांना त्याची कल्पना यायची नाही. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवरच्या या गावात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पूर्वी पावसाळ्याआधी बंगल्यांना चोहोबाजूंनी गवताच्या ताट्या बांधून जणू घोंगडी पांघरीत. आता प्लॅस्टिकचे कापड ताणतात. धुके खिडकीतून थेट माजघरात येऊन बसते. धुतलेले कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत माणसाने करावे तरी काय? मामी खिडकीजवळची खुर्ची धरतात.

मामींचे माहेर जतच्या बाजूचे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई-कराडवरून सांगलीला येते, पण जिल्ह्याच्या पूर्वेचा जत तालुका तिच्या पाण्यापासून दूर आणि कोरडा. महाबळेश्वरच्या पावसाचा तिथे जेमतेम दहावा हिस्सा पडतो. या सीमेवरच्या मुलखात बायकांच्या अंगावर इरकली लुगडे आणि घरात मराठीबरोबर कानडी. तिथेच मामींना आजीने कसुती शिकवली. कसुती ही धारवाड-विजापूरकडची कला, पण भाषेची सीमा सुईला कुठली? इरकली लुगड्याच्या पदरावर आणि खणाच्या चोळीवर गोपुर, पालखी, अंबारीचा हत्ती, राघू, कमळ आणि तुळशीवृंदावन भरायचे, आणि तेही कापडावर काहीएक न रेखता. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई पुढे न्यायची. गाठ मारायची नाही. गवंतीच्या टाक्यात तर सुई एकदा एक घर सोडून जाते आणि परत येताना सोडलेली घरे भरीत येते, त्यामुळे कापडाची उलटी बाजूही सुलटीसारखी दिसते. मुरगी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा टाका, नेगी म्हणजे विणल्यासारखा, आणि मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. कानडीत मेथीला मेंथी म्हणतात, आणि मेथीदाणे पसरावेत तशा त्या फुल्या दिसतात.

लग्न होऊन मामी वर घाटमाथ्यावर आल्या, तेव्हा सासरच्या भिंतीवर त्यांना या धागे मोजण्याच्या विद्येची दूरची बहीण भेटली. चौकटीत बसवलेला लोकरीचा राघू! तुमच्याही आजोळी असा एखादा राघू, हरिणांची जोडी नाहीतर ‘सुस्वागतम्’ असेलच. त्याचे कूळ मात्र पार युरोपातले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने छापून विकू लागले. कागदावरचे एक घर म्हणजे कापडावरचा एक टाका. चित्रकला न येणारीलाही गुलाब भरता येऊ लागला, आणि हे वेड जगभर पसरले. १८५६ मध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढल्यावर लोकरीला नवेनवे भडक रंग चढले, ते काहींना फार आवडले आणि काहींच्या डोळ्यांना खुपले. मिशनच्या शाळांतून आणि साहेबांच्या बिऱ्हाडांतून हे काम आपल्याकडे आले, आणि मग स्त्रियांच्या मासिकांतून घरोघर. ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघाले तेही याच मुलखातून, किर्लोस्करवाडीहून.

त्या राघूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मामींच्या सासरी थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन भाग. राघू आमच्या आजीने भरला, असे दोन्हीकडची मंडळी छातीठोकपणे सांगत. एका लग्नात तर यावरून इतकी जुंपली की विहिणी वाढपाला थांबल्या. पुढे एका पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी चढली, आणि मामींनी चौकट उघडली. मागे नाव असेल, निदान साल तरी असेल, म्हणून सगळे वाकून पाहू लागले. काही नव्हते. होता तो फक्त रंग. पुढून राघू उन्हाने पिवळट झाला होता, पण पाठीमागे कैरीसारखा हिरवागार! मग मामींनी चष्मा लावून पुढची बाजू न्याहाळली. फुलीच्या टाक्याचा एक नियम आहे: प्रत्येक फुलीत वरचा तिरपा टाका एकाच दिशेला झुकला पाहिजे, नाहीतर काम चमकत नाही. या राघूच्या मानेपर्यंत वरचे टाके उजवीकडे झुकलेले होते आणि मानेच्या खाली सगळे डावीकडे.

“दोघींनी भरलाय,” मामी म्हणाल्या. “एकीने ठेवला, दुसरीने उचलला.”

वाद मिटला असे तुम्हाला वाटेल. छे! आता चोच कोणाची, यावर चालू आहे.

हसण्यावारी न्यावे अशी ही गोष्ट आहे खरी, पण मला त्यात एक गोष्ट लागते. दोन बायकांनी, संसाराच्या रगाड्यात, कंदिलाच्या उजेडात कित्येक हजार टाके घातले आणि नावाची चार अक्षरे घालावीत असे दोघींपैकी एकीलाही वाटले नाही. युरोपातल्या शाळकरी मुली नमुन्याच्या कापडावर मुळाक्षरे भरीत, आणि खाली स्वतःचे नाव, वय आणि साल घालीत; म्हणून तीनशे वर्षांपूर्वीच्या दहा वर्षांच्या मुलीचे नाव आज वाचता येते. आपल्याकडे जुन्या चोळ्या, जुनी तोरणे, जुने भरतकाम पाहा. करणारणीचे नाव सहसा कोणालाच सांगता येत नाही. ‘फावल्या वेळात केलेय’ असे आपणच म्हणतो. फावला वेळ म्हणे! एकदा एका पाहुण्या बाईंनी मामींचा अभ्रा पाहून “किती घ्याल याचे?” असे विचारले. मामींनी शांतपणे तासांचा हिशेब सांगितला. रोज आठ तास धरले तर चार दिवसांची मजुरी, शिवाय लोकर आणि कापड निराळे. बाई म्हणाल्या, “अय्या, एवढे?” मामी म्हणाल्या, “म्हणून तर विकत नाही. ज्याला द्यायचेय त्याचे नाव आधी ठरलेले असते.”

तेव्हा भगिनींनो, कोपऱ्यात नाव घाला. मागच्या बाजूला घातले तरी चालेल, पण गाव आणि साल घाला. रोमन अक्षरांचे तयार नमुने कुठेही मिळतात; देवनागरीचे आपणच चौकटीच्या वहीवर पाडावे लागतात. त, म, न, ग ही अक्षरे सरळ दांड्यांची, नऊ घरांच्या उंचीत सुबक बसतात. क आणि ळ असलेल्यांना थोडी कसरत करावी लागेल.

आता धाग्यांविषयी. भरतकामाचा चमकदार सुती धागा सहा पदरी असतो, आणि त्याची लडी साधारण आठ मीटरची. सहाही पदर एकदम ओवायचे नसतात. इंचाला अकरा फुल्या बसतील अशा दोसुतीवर तीन पदर, चौदा बसतील तिथे दोन. पदर एकेक करून सोडवावेत आणि मग जुळवावेत. एकदम ओढले की गुंता ठरलेला. ही चमक येते ती कॉस्टिक सोड्याच्या संस्काराने. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास तो शोधला, पण धागा ताणून धरून संस्कार केला म्हणजे रेशमासारखा उजळतो, हे पुढे १८९० मध्ये होरेस लो याने दाखवले. गंमत अशी की, डी. एम. सी. या फ्रेंच धाग्याचे जे घराणे आज जगभर प्रसिद्ध आहे, ते १७४६ साली म्युलूझ गावी सुरू झाले तेव्हा धागा करीत नव्हते. हिंदुस्थानी छिटांच्या धर्तीचे कापड छापीत होते! तेव्हा त्या लडीतला एक पदर आपला आहे असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे अँकरचा धागाही सर्रास मिळतो. कोणताही घ्या, पण एका कामाला लागेल तेवढा एकदम घ्या, कारण पुढच्या खेपेला तोच रंग किंचित वेगळा निघू शकतो. रंग दिव्याखाली निवडू नये. महाबळेश्वरच्या धुक्यातही निवडू नये. मामी त्यासाठी उघडीप पडायची वाट पाहतात. आणि लाल धाग्याचा भरवसा धरण्यापूर्वी तो ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा.

लाल धाग्याचे एवढे सांगायचे कारण म्हणजे मामींची स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सर्वांना ठाऊक आहे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांची निराशा होते, कारण रोपे लागतात पावसाच्या अखेरीस आणि फळांचा बहर येतो थंडीत. दिवाळीत हटकून मिळते ती फक्त मामींची. रुमालाच्या कोपऱ्यात भरायची असेल तर लाल धाग्याने वरून खाली ओळीने सात, नऊ, नऊ, नऊ, सात, सात, पाच, तीन आणि एक अशा सत्तावन्न फुल्या घालाव्या, प्रत्येक ओळीचा मध्य एकाखाली एक ठेवून. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत मधूनमधून लालऐवजी पिवळी फुली, म्हणजे बिया दिसतात. वर मधोमध पाच हिरव्या फुल्या आणि त्यावर देठाची एक. इंचाला अकरा फुल्यांच्या मापाने हे फळ बरोबर एक इंच उंचीचे होते. रुमालाचे तलम कापड मोजता येत नाही, म्हणून त्यावर विरळ जाळीचे कापड टाचून दोन्हींतून भरायचे आणि शेवटी जाळी ओलसर करून तिचे धागे एकेक ओढून काढायचे. भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या भावाला असा रुमाल मिळाला, तर तो नाक पुसायला काढणार नाही, एवढीच अडचण.

दुसरी स्ट्रॉबेरी भाच्यांसाठी. तिची कल्पना परदेशी शिवणपेटीतली आहे आणि मोठी उपयोगाची आहे. अडीच इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ दोसुतीवर लाल भरून घ्यायचे, आत घट्ट विणीच्या कापडाचे अस्तर, आणि दोन्ही मिळून शंकू शिवायचा. त्यात भुसा नाही, कापूस नाही, तर कुरुंदाची बारीक पूड भरायची. तोंड धावदोऱ्याने आवळून वर हिरवी पाने. या फळात सुई चार वेळा खुपसली की तिच्यावरचा गंज निघतो आणि टोकही लखलखीत होते. जिथे चार महिने सुया गंजतात, तिथे याहून चांगली भेट कोणती? मामींच्या साऱ्या भाच्यांच्या शिवणपेटीत ही आहे, आणि प्रत्येकीच्या देठाखाली तिचे अक्षर, मामींचे अक्षर आणि साल.

उशीच्या अभ्र्याबद्दल एक सूचना. तिरप्या टाक्याने जाळीचे कापड एका बाजूला ओढले जाऊन काम पतंगासारखे वाकडे होते. घाबरू नये. ओलसर करून फळीवर चौरस ताणावे, न गंजणाऱ्या टाचण्या माराव्या आणि पुरते वाळेपर्यंत हलवू नये. पुण्या-मुंबईला यास दोन दिवस पुरतात. मामींना ऑक्टोबरचे ऊन गाठावे लागते.

आणि एवढे करूनही काम दिवाळीत पुरे झाले नाही तर? तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत आहे, असे मामींनी परस्पर ठरवून टाकले आहे. मात्र फराळाच्या गडबडीत काम बाजूला ठेवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. ती काढून फ्लॅनेलच्या तुकड्यात ठेवा. राहिली तर आठवड्याभरात तिथे गंजाचा तांबूस डाग पडतो, आणि तो काही केल्या धुऊन निघत नाही.