जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण

लोकगीतांचे क्षेत्रीय ध्वनिमुद्रण म्हणजे गाणे जिथे गायले जाते तिथे जाऊन, गाणाऱ्याच्या पडवीत, अंगणात किंवा शेताच्या बांधावर ते आवाजासह टिपणे. १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतील पासामाक्वॉडी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपली, तिथून या पद्धतीची सुरुवात मानतात. हंगेरीत बेला बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले. महाराष्ट्रात मात्र हे संकलन दीर्घकाळ कागदावरच झाले. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह यांनी असंख्य ओव्या वाचवल्या. हे ऋण मोठे आहे. पण त्या ओव्यांची चाल कागदावर उतरली नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मराठीतला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यातील ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतर्फे १९८०च्या दशकात तो उभा केला. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या गरीब डोंगरी संघटनेतल्या स्त्रिया हा त्याचा कणा होता. ओव्या गोळा करणारी बाई स्वतः जात्यावर बसलेली, त्याच बोलीत बोलणारी आणि बहुधा त्याच पंचक्रोशीतली असे. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष उठण्याआधी म्हटलेली ओवी परक्या माणसापुढे सहजी ओठांवर येत नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याचा अबोला, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता हे सारे ज्या मोकळेपणाने या संग्रहात आले आहे, त्याचे श्रेय संकलनाच्या या रीतीला द्यावे लागेल. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या.

ओवीचे शब्द छोटे, पण गाताना त्यांची मांडणी बदलते. खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे सरकते, वैरण घालताना किंवा श्वास घेताना तुटते आणि ‘बाई’, ‘गं’ अशा शब्दांनी पुन्हा जोडली जाते. पहिली बाई ओळ उचलते आणि समोरची ती धरते. चालीला बाया ‘गळा’ म्हणतात. एकच ओवी वेगवेगळ्या गळ्यांवर म्हटली जाते. लिहून घेतलेल्या दोन ओळींत यातले काहीच दिसत नाही. शिवाय ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण संकलनाच्या दृष्टीने शब्दशः खरी आहे. नुसते ‘म्हणून दाखवा’ म्हटले की बाई अडखळते आणि हात खुंट्याला लागला की आठवण मोकळी होते. म्हणून दगडाची घरघर हा ध्वनिमुद्रणातला व्यत्यय समजू नये. लय तिथूनच येते.

संगीत आणि संगणक या दोन्हींचे अभ्यासक बर्नार्ड बेल १९९०च्या दशकात या कामात आले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह रचला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्याला जोडले. गाणारीचे नाव, गाव, तालुका, विषय अशा नोंदींमुळे एखाद्या विषयावरची किंवा एखाद्या गावची ओवी शोधता येते. पॉइटवाँ २००४ मध्ये निवर्तले आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. ध्वनिमुद्रणे गुडगावच्या ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’मध्ये आणि पुढे फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील संग्रहात जतन झाली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’ हा संग्रह लोकांपुढे आणत आहे. ‘पारी’चे कार्यकर्ते जुन्या नोंदींतली गावे शोधून गायिकांना पुन्हा भेटतात आणि त्यांचे चित्रीकरण करतात. गाणे ज्या गावातून उचलले तिथे परत नेणे हा या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

तरीही एक लाख ओव्यांपुढे १२० तास फार थोडे आहेत. बहुसंख्य ओव्या शब्दांपुरत्याच उरल्या. पिठाची गिरणी गावात आली तसे जाते कोपऱ्यात गेले, आणि गळा माहीत असलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.

टिपलेला आवाज टिकवणे हे वेगळेच काम आहे. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी धरते आणि तिचा थर सुटू लागतो. डिजिटल टेप वाजवणारी यंत्रे आता बनतही नाहीत. म्हणून मूळ ध्वनी न दाबलेल्या स्वरूपात, शक्यतो २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर उतरवतात आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एमपी३ ऐकण्यापुरती ठीक असते, जतनासाठी नाही.

लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने रायगडचा किनारा अजून पुष्कळ काही देऊ शकेल. श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ असलेल्या बोर्ली पंचतनच्या परिसरात शेतीची आणि मासेमारीची वस्ती शेजारी-शेजारी आहे. हळदीची गाणी, गौरी-गणपतीतला बाल्या नाच, शिमग्याची गाणी हे या किनाऱ्याचे धन. उत्तरेकडे पेण-उरणच्या आगरी पट्ट्यात लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारणी आहेत. मुंबईला गेलेले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, तेव्हा म्हाताऱ्या गायिका आणि ऐकणारे नातू एका छताखाली असतात. लग्नघरी हळद दळायला जाते मांडले जाते, तो मुहूर्तही सोडू नये. मोबाईल जवळ धरावा, पंखा बंद करावा आणि गाणारीची परवानगी घ्यावी. तिचे नाव, माहेरचे व सासरचे गाव, गाणे कोणाकडून आले आणि तारीख एवढे सुरुवातीलाच तिच्या आवाजात नोंदवून घ्यावे. या नोंदीशिवाय केलेले मुद्रण काही वर्षांत कोणाचे होते हेच कळेनासे होते. नोंदींसह असे ध्वनिमुद्रण पुढच्या सणाला सुरू करावे.